मसाई पठारावरचा पेपर आणि बायोआर्काइव्ह: पाच वर्षं वापरल्यावर

बायोआर्काइव्ह ही जीवशास्त्राचे पेपर तज्ज्ञांच्या तपासणीआधीच कुणालाही वाचायला खुले ठेवणारी साइट. तिला मी पाचपैकी पाच तारे देते. पण हे तारे पोचपावतीचे आहेत, तपासणीचे नाहीत. या दोन्हींत फरक आहे, हे मला कोविडच्या काळात कळलं, आणि ते कसं कळलं हे सांगितल्याशिवाय या सेवेबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळा उतरताना सोनकी फुलते. तिच्यावर कोणकोणते कीटक येतात, किती वाजता येतात, ढग दाटले की कोण टिकतं आणि कोण पळतं, एवढाच माझा विषय. २०१८ आणि २०१९ असे दोन हंगाम मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी एक मीटर लांब-रुंद चौकट टाकून, दहा-दहा मिनिटांचं घड्याळ लावून माश्या मोजत बसलो. सातेरी मधमाशी, आग्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या फुलमाश्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शहराला वेढा घातला तेव्हा दोन आठवडे आम्ही घराबाहेर पडू शकलो नाही. त्या दोन आठवड्यांच्या नोंदी नाहीत, असं पेपरात स्पष्ट लिहिलं आहे.

२ मार्च २०२० ला पेपर एका नियतकालिकाकडे पाठवला. तीन आठवड्यांनी देश बंद झाला.

त्या नियतकालिकाचं नाव लिहीत नाही. त्यांच्या साइटवर माझ्या पेपरापुढे ‘विथ एडिटर’, म्हणजे संपादकाकडे आहे, असं मार्चमध्ये आलं ते जूनच्या शेवटापर्यंत तसंच होतं. मी रोज रात्री ओटा आवरून झाला की लॅपटॉप उघडून बघायचे. जुलैत एडिटरचं पत्र आलं. अकरा जणांना पेपर तपासाल का म्हणून विचारलं, सगळ्यांनी नकार कळवला किंवा उत्तरच दिलं नाही, आता कुठं दोघं तयार झालेत. निकाल सप्टेंबरात लागला: मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा. पहिल्या रिव्ह्यूअरनं मन लावून वाचलं होतं, त्याच्या सूचनांनी पेपर सुधारला. दुसऱ्यानं चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातली मुख्य ओळ अशी, की दोन हंगाम अपुरे आहेत, तिसऱ्या हंगामाच्या नोंदी जोडाव्यात.

तिसरा हंगाम त्या घडीला पठारावर फुललेला होता. आमच्या गल्लीत सहा घरांच्या दारांवर क्वारंटाइनचे कागद चिकटवलेले होते. विद्यार्थिनी आपापल्या गावी, एक गगनबावड्याच्या बाजूला, एक गडहिंग्लजला. घरात सासऱ्यांना श्वास लागत होता आणि नवरा ऑक्सिमीटर शोधत मेडिकल दुकानं फिरत होता. आणि माझ्याकडे मुदत होती साठ दिवसांची. मी मुदत वाढवून मागितली, तीस दिवस मिळाले. सोनकी तीस दिवसांनी फुलत नाही, अकरा महिन्यांनी फुलते, हे मी एडिटरला लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

नंतर कळलं की त्याच वर्षी मार्चमध्येच ईलाइफ या नियतकालिकानं जाहीर केलं होतं: प्रयोगशाळा बंद आहेत, तेव्हा रिव्ह्यूअरांनी जादा प्रयोग मागताना हात आखडता घ्यावा, आणि सुधारित पेपर दोन महिन्यांत परत करण्याची अटही आम्ही स्थगित ठेवतो. म्हणजे हे करता येत होतं. इतका साधा विचार कुणीतरी केला होता, हे वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग रडू आलं.

बायोआर्काइव्हचं नाव मला आमच्या फिजिक्सच्या सरांनी सांगितलं. ‘मॅडम, आमच्याकडं हे १९९१ पासून चाललंय की,’ ते म्हणाले. ‘पेपर पाठवायच्या आधी आर्काइव्हवर टाकायचा, मग निवांत वाट बघायची.’ आर्काइव्ह ही भौतिकशास्त्रवाल्यांची अशीच साइट, पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं अमेरिकेत लॉस अलामॉसला ती सुरू केली. जीवशास्त्रवाल्यांना तशी सोय मिळायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरी या संशोधन संस्थेनं बायोआर्काइव्ह काढलं, आणि वैद्यकीय पेपरांसाठी त्याचं भावंड मेडआर्काइव्ह आलं २०१९ च्या जूनमध्ये, म्हणजे महामारीच्या अवघे सहा महिने आधी. ते तेव्हा आलं नसतं तर २०२० मध्ये काय झालं असतं, याचा विचार मी बरेचदा करते.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. खर्च शून्य. टाकायला नाही, वाचायलाही नाही. ऑक्टोबरातल्या एका रात्री अकराला बसले, साडेबारापर्यंत काम झालं. वर्डची फाइल चालते. सहलेखकांचे ईमेल द्यावे लागतात, विषय निवडावा लागतो, मी ‘इकॉलॉजी’ निवडला. मग निकालाचा प्रकार विचारतात: नवा निष्कर्ष, आधीच्या निष्कर्षाला दुजोरा, की आधीच्या निष्कर्षाच्या विरुद्ध. या प्रश्नापाशी मी थांबले. आमच्यासारख्या गावातल्या कॉलेजांत जे काम होतं त्यातलं पुष्कळसं दुजोऱ्याचं असतं. तिकडं जे दिसलं ते आमच्या सड्यावरही दिसतं का, एवढंच आम्ही तपासतो. अशा पेपराला ‘यात नवीन काय’ म्हणून परत पाठवलेलं मी वीस वर्षं पाहिलं आहे. इथं त्याच्यासाठी रीतसर खण आहे.

शेवटी परवाना निवडायचा, म्हणजे तुमचा मजकूर इतरांनी कसा वापरावा ते ठरवायचं. इथं घाई करू नका. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: एकदा चढलेला पेपर पुसता येत नाही. मागे घेता येतो, पण मग ‘मागे घेतला’ असा शिक्का लागून तो तिथंच राहतो, जुनी प्रतही दिसते. सहलेखकांची संमती खरोखर घेतली आहे ना, हे आधी बघा. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर अंगठा आला म्हणजे संमती झाली असं धरू नका, प्रत्येकीला फोन करा.

पेपर लगेच दिसत नाही. आधी चाळणी होते: चोरलेला मजकूर नाही ना, विज्ञानच आहे ना, कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही नाही ना. ही चाळणी करणाऱ्यांत काम करणारे शास्त्रज्ञ असतात. निष्कर्ष बरोबर की चूक, हे ते तपासत नाहीत. माझा पेपर तिसऱ्या दिवशी वर आला, त्याला डीओआय, म्हणजे पेपराची कायमची ओळख असलेला क्रमांक मिळाला आणि तारीख. सात महिने जो पेपर आमच्या तिघींखेरीज चार माणसांनी पाहिला होता तो आता कुणालाही दिसत होता. गडहिंग्लजच्या विद्यार्थिनीनं तो फोनवर उघडला, वडिलांना स्वतःचं नाव दाखवलं आणि मला फोन केला. तिच्या आवाजात जे होतं त्यासाठी मी ही सेवा दहा वेळा वापरेन.

डिसेंबरात एका अनोळखी कीटकशास्त्रज्ञाचा ईमेल आला. आमच्या फोटोंतली एक फुलमाशी आम्ही चुकीची ओळखली होती. पंखांच्या शिरा बघा, म्हणून त्यांनी खुणा करून फोटो परत पाठवला. त्यांचं बरोबर होतं. जानेवारीत सुधारलेली दुसरी आवृत्ती चढवली, पहिलीही शेजारी राहिली, काय बदललं ते कुणालाही पडताळता येतं. त्या माणसानं माझा पेपर कुणी सांगितलं म्हणून वाचला नव्हता. असा रिव्ह्यू मला आयुष्यात त्याआधी मिळाला नव्हता. एक गोष्ट मात्र खरी, की हे सगळं ईमेलवर झालं. पेपराखाली उघड कॉमेंट लिहायची सोय आहे, पण बहुतेक पेपरांखाली ती जागा रिकामी असते. दुसऱ्याच्या कामावर नावानिशी चार शब्द लिहायला आपण कचरतो. मी आता दर महिन्याला एक तरी लिहिते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग जुन्या रिव्ह्यूची गरजच काय. तसं मला म्हणायचं नाही. २०२० नं दोन्ही बाजू दाखवल्या, आणि त्या दोन्ही मी आमच्या घरात पाहिल्या.

३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच चढवलेला पेपर, बायोआर्काइव्हवर आला. नव्या विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात एचआयव्हीशी ‘विलक्षण साम्य’ असलेले तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी काही तासांत दाखवून दिलं की एवढे छोटे तुकडे कितीतरी जीवांत सापडतात. लेखकांनी २ फेब्रुवारीला पेपर मागे घेतला. दोन दिवसांत चूक पकडली गेली आणि मान्यही झाली. पण आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो दावा मार्चमध्ये आला, एप्रिलमध्ये आला, आणि मागे घेतल्याची बातमी कधीच आली नाही. त्यानंतर बायोआर्काइव्हनं कोरोनाच्या पेपरांवर ठळक सूचना लावली: हे प्राथमिक अहवाल आहेत, तज्ज्ञांनी तपासलेले नाहीत, यावरून उपचार ठरवू नका, बातमीत सिद्ध झालेलं म्हणून छापू नका. मी ती सूचना भाषांतर करून ग्रुपवर टाकली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, ‘मग छापतातच कशाला?’ त्याचं उत्तर द्यायला मला जून उजाडावा लागला.

माझे धाकटे दीर डॉक्टर आहेत, तेव्हा कोविड वॉर्डात ड्यूटी करत होते. घरी आले तरी गच्चीवरच्या खोलीत राहायचे, जेवणाचं ताट पायरीवर ठेवायचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी वरून हाक मारली, ‘वहिनी, हे छापलेलं नाही अजून. ह्याच्यावर किती भरवसा ठेवायचा?’ मेडआर्काइव्हवर २२ जूनला आलेला ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरच्या औषधांच्या चाचणीचा पेपर होता तो. डेक्सामेथासोन, आपल्या मेडिकल दुकानात काही रुपयांत मिळणारं जुनं स्टिरॉइड औषध.

मी खालच्या पायरीवर, भाऊजी वरच्या दारात, दोघांच्या हातात फोन, असा आम्ही तो पेपर वाचला. मला औषधांतलं कळत नाही, पण मोजणी कशी करतात ते कळतं. कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं का? होय. किती माणसं? २,१०४ जणांना औषध, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. काय मोजलं? २८ दिवसांतले मृत्यू. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. ही शेवटची ओळ भाऊजींनी मोठ्यानं दोनदा वाचली. घरबसल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मागणाऱ्यांना ते पुढं वर्षभर तीच सांगत राहिले. आपल्या आरोग्य मंत्रालयानं २७ जूनला उपचारांच्या नियमावलीत हे औषध घेतलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पेपर आला १७ जुलैला. मधल्या तीन आठवड्यांत आमच्या एका शहरात किती माणसं ऑक्सिजनवर होती, ते वॉर्डात उभ्या राहिलेल्यांना विचारा. तळमजल्यावरच्या काकांना मी सांगितलं, छापतात ते यासाठी.

आणि ज्याच्यावर रिव्ह्यूचा शिक्का होता त्याचं काय झालं? २२ मे २०२० ला द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा पेपर आला. हे मलेरियाचं औषध तेव्हा कोविडवर दिलं जात होतं. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, औषधानं मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. २५ मेला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग शंभराहून अधिक संशोधकांनी उघड पत्र लिहून विचारलं, हे आकडे आले कुठून? ते आकडे पुरवणारी सर्जिस्फिअर नावाची कंपनी आपली मूळ माहिती स्वतंत्र तपासणीला देईना, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नलनंही त्याच कंपनीच्या आकड्यांवरचा आपला एक पेपर मागे घेतला. त्याआधी मार्चमध्ये फ्रान्समधल्या मार्सेलच्या संशोधकांच्या गटाचा त्याच औषधाच्या बाजूचा पेपर १६ तारखेला दाखल झाला, १७ ला मंजूर, २० ला ऑनलाइन. एका दिवसात रिव्ह्यू. तो शेवटी मागे घेतला गेला २०२४ च्या डिसेंबरात.

माझ्या सोनकीला सात महिने आणि त्या पेपराला एक दिवस. मला त्या दिवसाचा हेवा वाटत नाही, पण दोन्हीकडे एकच गोष्ट कमी पडली: शांतपणे बसून वाचणारं माणूस. महामारीच्या पहिल्या दहा महिन्यांत कोविडवर सव्वा लाखाहून अधिक लेख आले, त्यांतले तीस हजारांहून जास्त प्रीप्रिंट होते. १४ वैद्यकीय नियतकालिकांच्या एका अभ्यासात दिसलं की कोविडच्या पेपरांचा दाखल होण्यापासून छापण्यापर्यंतचा काळ सरासरी ४९ टक्क्यांनी घटला. हे सगळं वाचलं कुणी? ज्यांना त्याचा एक रुपया मिळत नाही, त्यांनीच. रिव्ह्यू हे आपण एकमेकांसाठी फुकट करतो ते काम आहे. सावडीनं भांगलायला जातात तसं: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

आणि त्या वर्षी सावडीला जाणाऱ्या बायका घरात अडकल्या होत्या. २०२० च्या जूनमध्ये मला पाच पेपर तपासायला आले, एरवी महिन्याला एखादा यायचा. मुलगा तिसरीत. त्याचा वर्ग माझ्या फोनवर, माझा वर्ग लॅपटॉपवर, कामाच्या मावशींना यायला बंदी. मी एक पेपर घेतला, चार नाकारले. नाकारताना कारण लिहायच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना, रिकामी सोडली. एल्सेव्हिअर या प्रकाशकाच्या २,३२९ नियतकालिकांची आकडेवारी पुढं प्रसिद्ध झाली: फेब्रुवारी ते मे २०२० मध्ये दाखल होणारे पेपर आदल्या वर्षापेक्षा ३० टक्क्यांनी वाढले, पण त्या वाढीत बायकांचा वाटा पुरुषांहून कमी राहिला, तरुण बायकांचा तर आणखीच. मला तो अभ्यास वाचताना माझा पेपर नाकारणारे ते अकरा जण आठवले. त्यांच्यातल्या कितीजणींनी रात्री साडेअकराला ती चौकट रिकामी सोडली असेल? त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा राग गेला. एडिटरवरचा नाही.

पेपराचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. मी तो पहिल्या ठिकाणाहून काढून घेतला आणि दुसरीकडे पाठवला, सोबत प्रीप्रिंटचा दुवा दिला. २०२१ च्या डिसेंबरात तिथं लागला. बायोआर्काइव्हच्या पानावर आता छापील पेपराचा दुवा आहे. दोन्ही वाचून बघा, दोन्हींत जो फरक आहे तो पहिल्या रिव्ह्यूअरनं आणि त्या फुलमाशीवाल्या माणसानं केलेला आहे.

ज्यांची बढती अडली आहे त्यांच्यासाठी: एका समितीपुढे मी हा प्रीप्रिंट दाखवला तेव्हा तो मोजला गेला नाही. ‘हे यादीत नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी चालायची. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादी बंद केल्याचं कळवलं, तरी समितीतल्या माणसांच्या मनातली यादी इतक्या लवकर बंद होत नाही. तेव्हा गुणांसाठी म्हणून टाकू नका. तारखेसाठी टाका, वाचकासाठी टाका. आणि ज्यांच्याकडे पेपर वाचायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी टाका. लॉकडाऊनमध्ये कॉलेजच्या इंटरनेटवर उघडणारे पेपर घरून उघडेनात, तेव्हा कोविडवरचं बरंच काही प्रकाशकांनी खुलं केलं होतं, पण मधमाश्यांवरचं कोण खुलं करणार? २०२५ च्या जानेवारीपासून नियतकालिकांची वर्गणी सरकारनं एकत्र भरायच्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेनं सरकारी संस्थांची ती अडचण पुष्कळ कमी केली आहे. शाळेतल्या शिक्षकाला, निसर्गात हिंडणाऱ्या हौशी माणसाला मात्र आजही प्रीप्रिंटच उघडतो.

२०२५ च्या मार्चपासून बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्ह दोन्ही ओपनआर्काइव्ह या ना-नफा संस्थेकडे गेली आहेत. वापरायची पद्धत मला तरी तीच दिसते.

गेल्या दोन हंगामांच्या नोंदी आता जुळवून झाल्या आहेत. यंदा ढगाळ दिवसांत आग्या माशी अजिबात आली नाही, सातेरी मात्र टिकून होती, म्हणजे पहिल्या पेपरातल्या आमच्याच निष्कर्षाला दुजोरा, आणि त्याच खणात तो जाईल. फाइल तयार आहे. गगनबावड्याची विद्यार्थिनी यावेळी पहिली लेखिका आहे. लग्नानंतर आडनाव बदललंय, पेपरावर कुठलं हवं ते तिनं रविवारी कळवते म्हणून सांगितलं आहे. ते आलं की रात्री टाकते.